मुख्यालयाच्या दिमतीची छोटी विमानं

गोव्यातल्या बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात लोक थांबतात ते दोन-तीन ठिकाणीच. तीन शेपट्यांचं अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन, मग सी हॅरियर, मग सेल्फी. त्याच आवारात दोन पंख्यांची दोन लहान विमानंही उभी आहेत, एक डेव्हन आणि एक सीलँड. ना तोफ, ना क्षेपणास्त्र. मुलं त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत आणि मोठी माणसं 'हे काहीतरी जुनं दिसतंय' म्हणून पुढे सरकतात. सीलँड तर नौदलाच्या विमानदलाची सुरुवात ज्या जातीच्या विमानांनी झाली त्यातलं. १९५३ मध्ये कोचीला ही विमानं आली, जमिनीवरही उतरायची आणि पाण्यावरही. डेव्हन म्हणजे दे हॅविलँड कंपनीच्या डव्ह या प्रवासी विमानाचं लष्करी रूप. आठ-दहा माणसं बसतील एवढंच. अशी विमानं सैन्य का बाळगतं, आणि तीही थेट मुख्यालयाच्या हाताखाली का ठेवतं, हे नीट कळलं तर सैन्य रोजच्या रोज कसं चालतं याचा बराच उलगडा होतो.

सैन्यात कमांड म्हणजे एका मोठ्या प्रदेशाची किंवा एका मोठ्या कामाची जबाबदारी. वायुदलाच्या अशा सात कमांड आहेत, त्यातली देखभालीची नागपूरला. भूदलाच्या दक्षिण कमांडचं मुख्यालय पुण्यात, नौदलाच्या पश्चिम कमांडचं मुंबईत. आणि नौदलाच्या हवाई शाखेचे प्रमुख, फ्लॅग ऑफिसर नेव्हल एव्हिएशन, ते बसतात आपल्या गोव्यात. आता यातली मेख बघा. मुख्यालय एका गावात, पण त्याची विमानं आणि माणसं दाबोळी, कोची, विशाखापट्टणम, तमिळनाडूतलं अरक्कोणम, पोर्ट ब्लेअर अशी देशभर पसरलेली. मुख्यालयाचं काम म्हणजे हुकूम सोडणं असं आपल्याला वाटतं. हुकूम फोनवर सुटतो, बिनतारी यंत्रणेवरून सुटतो. पण हुकमाच्या आधीचं आणि नंतरचं बरंचसं काम माणसाने तिथे जाऊनच करावं लागतं.

समजा एका तळावर अपघात झाला. चौकशी मंडळाचे तीन सदस्य तीन गावांहून जमवायचे आहेत, तेही तुटलेले भाग हलवले जाण्याआधी. किंवा वैमानिकांची वार्षिक परीक्षा आहे आणि परीक्षक दुसऱ्या तळावर आहेत. किंवा सांकेतिक भाषेची नवी सामग्री पोचवायची आहे. ती तारेवरून पाठवायची नसते, जबाबदार अधिकाऱ्याच्या हातून हातात जायची असते. किंवा सगळ्यात नेहमीचं म्हणजे, एखादं विमान 'एओजी' झालंय. विमानवाल्यांच्या बोलण्यात याचा अर्थ असा की एका सुट्या भागावाचून ते जमिनीवर अडकून पडलंय. तो भाग हातात मावेल एवढा पंप असू शकतो. तो आला नाही तर शेकडो कोटींचं यंत्र हँगरमध्ये उभं. त्यासाठी मोठं मालवाहू विमान पाठवणं वेडेपणाचं आणि ट्रकने पाठवणं उशिराचं.

मग प्रवासी विमानाने का जाऊ नये? जातातच की. दाबोळीच्या रांगेत साध्या कपड्यांतले नौसैनिक किती असतात ते विमानतळावर काम करणाऱ्या कुणालाही विचारा. पण प्रवासी विमानं जिथे तिकिटं खपतात तिथे जातात. अरक्कोणमच्या नौदल तळावर कोण तिकीट विकणार? शिवाय सकाळी आठला जाऊन, दोन तासांचं काम करून, दुपारी परत यायचं असेल तर वेळापत्रक साथ देत नाही. एका ज्येष्ठ अधिकाऱ्याचे दोन दिवस गेले की त्याच्या टेबलावर अडकलेल्या दहा गोष्टींचेही दोन दिवस जातात. बंद पेट्या, शस्त्रांचे भाग, गोपनीय कागद हे सगळं सुरक्षा तपासणीच्या पट्ट्यावर ठेवून नेण्याचा प्रकार नाही हेही आलंच.

खरी गोम मात्र वेगळीच आहे, आणि ती विमानाच्या आकारात नाही. विमान कुणाच्या हुकमाने उडतं, यात आहे. मोठी मालवाहू विमानं गोव्याच्या सरकारी कदंब बससारखी असतात. मार्ग आधी ठरतो, भार आधी ठरतो, आणि कुणी म्हणालं म्हणून बस वळत नाही. वळली तर उरलेले प्रवासी खोळंबतात. मुख्यालयाच्या दिमतीची तुकडी म्हणजे आपला भाड्याने नेणारा मोटरसायकलवाला पायलट. थांब्यावर उभाच असतो, एकालाच नेतो, पण त्या एकाला हवं तिथे आणि हवं तेव्हा. सैन्याच्या परिभाषेत मोठ्या विमानांचं वाटप वरच्या पातळीवरून, अग्रक्रम लावून होतं. छोट्या तुकडीचं वाटप स्थानिक सेनापतीचा स्टाफ स्वतः करतो. त्यामुळे 'मागणी पाठवली आहे, उत्तराची वाट बघतोय' हे वाक्यच गळून पडतं. पंधरा माणसांची विमानं म्हणून कुणी त्यांना कमी लेखू नये. सेनापतीला दुसऱ्या कुणाची परवानगी न मागता जागेवरून हलता येणं, याची किंमत विमानाच्या किमतीत मोजता येत नाही.

अशा कामाचं विमान कसं असावं हे पूर्वीच्या लढायांनी शिकवलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांकडे फीझलर स्टोर्श नावाचं काटकुळं विमान होतं. लांब पाय, मोठे पंख, आणि वारा समोरून असेल तर काही पावलांत उतरायचं. जर्मन सेनापती रोमेल उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात याच विमानातून स्वतःच्या आघाडीवर फिरायचा. १२ सप्टेंबर १९४३ ला इटलीतल्या ग्रान सास्सो डोंगरावरच्या हॉटेलातून कैदेतल्या मुसोलिनीला उचलून आणलं तेही स्टोर्शमधूनच. ब्रिटिशांचं त्या जातीचं विमान म्हणजे लायसँडर. रात्री फ्रान्सच्या शेतात उतरून हेरांना सोडायचं आणि परत आणायचं काम त्याने केलं. भारतीय वायुदलाच्या पहिल्या स्क्वाड्रनकडेही लायसँडरच होती, आणि तिथे एक वेगळीच गोष्ट घडली. १९४२ च्या सुरुवातीला ब्रह्मदेशात जपानी विमानांनी तळावर हल्ला केला तेव्हा स्क्वाड्रन लीडर करुण कृष्ण मजुमदार यांनी याच लायसँडरला बॉम्ब लटकवून जपान्यांच्या हवाई तळावर उलट हल्ला चढवला. निरीक्षणासाठी आणि निरोपासाठी बनवलेलं, हळू उडणारं विमान. धाडस दाद देण्यासारखंच, पण त्यातून एक कायमचा प्रश्नही दिसतो. हाताशी असलेलं छोटं विमान लढाईत कुठल्याही कामाला जुंपलं जातं, आणि ज्या कामासाठी ते ठेवलेलं असतं ते काम मग पोरकं होतं.

युद्धानंतर अशी काटकुळी विमानं हेलिकॉप्टरने मागे टाकली. शेतात किंवा डोंगराच्या कड्यावर उतरायचं तर हेलिकॉप्टरच बरं. पण शहरा-शहरांतल्या, दोनशे ते सातशे किलोमीटरच्या अंतरांसाठी दोन इंजिनांची छोटी प्रवासी विमानं टिकली. डेव्हन त्यातलंच. दिल्लीत पालमला १ नोव्हेंबर १९४७ ला वायुदल मुख्यालयाची कम्युनिकेशन स्क्वाड्रन, म्हणजे ने-आण करणारी तुकडी, उभी राहिली, तिनेही डेव्हन उडवली. हीच स्क्वाड्रन आज राष्ट्रपती आणि पंतप्रधानांसारख्यांची ने-आण करते. तिच्याकडे आता बोईंग ७३७ आणि एम्ब्रेअर जेट आहेत. त्यामुळे ती बातम्यांत दिसते. कमांडच्या पातळीवरच्या तुकड्या कधीच दिसत नाहीत.

या जागेवर गेली काही दशकं सगळ्यात ओळखीचं विमान म्हणजे डॉर्नियर २२८. मूळ जर्मन, १९८१ मध्ये पहिल्यांदा उडालं, आणि परवाना घेऊन हिंदुस्तान एरोनॉटिक्सने कानपूरला बनवायला घेतलं. वायुदल, नौदल, तटरक्षक दल, तिघांकडेही ते आहे. एकोणीस प्रवासी, सुमारे १७ मीटर पंखविस्तार, दोन टर्बोप्रॉप इंजिनं. उड्डाणाला साधारण ८०० मीटर धावपट्टी पुरते. दाबोळीची धावपट्टी त्याच्या चौपट लांब, त्यामुळे इथे तो गुण वाया जातो. पण दुसऱ्या टोकाला, अंदमानातल्यासारख्या लहान पट्ट्यांवर, तोच गुण कामी येतो. पोट खोक्यासारखं चौकोनी, दिसायला अगदीच साधं. त्याचा फायदा असा की खुर्च्या काढल्या की तासाभरात त्यात स्ट्रेचर बसतं, किंवा इंजिनाची पेटी.

डॉर्नियरचा एक तोटा गोव्यातल्या माणसाला लगेच पटेल. त्याच्या आत हवेचा दाब राखायची सोय नाही. म्हणजे ऑक्सिजनच्या नळ्या न लावता दहा हजार फुटांच्या वर फार वेळ राहता येत नाही. जूनमध्ये किनाऱ्यावर जे ढग दाटतात ते त्याच्या कितीतरी वर जातात. मोठं जेट विमान त्या ढगांच्या डोक्यावरून निघून जातं. डॉर्नियरला त्यांच्यातून, खालून किंवा बाजूने वाट काढावी लागते. पूर्वेला सह्याद्री, आपल्या हद्दीतही अकराशे मीटरच्या पुढे गेलेला. पश्चिमेला समुद्र. अशा जागी एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर उंची राखता आली पाहिजे, म्हणून एकाच इंजिनाचं स्वस्त विमान या कामाला सहसा कुणी घेत नाही. आणि म्हणूनच अशा तुकडीतला वैमानिक हवामानखात्याचा नकाशा एखाद्या शेतकऱ्याइतकाच मन लावून वाचतो. साहेबांना मुंबईला बैठक आहे, एवढ्यावर विमान उडत नाही. 'साहेब, आज नको' हे आपल्यापेक्षा चार पदांनी वरच्या माणसाला सांगता येणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य, असं मला वाटतं. लढाऊ विमानाच्या वैमानिकाच्या मागे कुणी अॅडमिरल घड्याळ बघत बसलेला नसतो.

अंतरांचा हिशोबही सांगतो. दाबोळी ते मुंबई हवेतून सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, डॉर्नियरला सव्वा तास. कोची साडेसहाशेच्या पुढे, दोन तास धरा. यातल्या मुंबईची एक गंमत आहे. नौदलाचा तिथला स्वतःचा हवाई तळ, कुलाब्याचा आयएनएस शिक्रा, हेलिकॉप्टरसाठी आहे. पंखांच्या विमानाला सांताक्रूझच्या गर्दीतच जागा मागावी लागते. आणि कारवारचा नौदलाचा कदंब तळ २००५ मध्ये सुरू झाला तेव्हा तिथे धावपट्टीच नव्हती. त्या तळाला सगळ्यात जवळची धावपट्टी म्हणजे दाबोळी. पुढचा प्रवास हेलिकॉप्टरने किंवा मग काणकोणमार्गे घाटावळणाच्या रस्त्याने. छोट्या विमानांची साखळी कुठे जोडली जाते आणि कुठे तुटते ते अशा ठिकाणी कळतं.

दाबोळीचा स्वतःचा इतिहासही हेच सांगतो, फक्त बाजू दुसरी. पोर्तुगीज काळात १९५५ मध्ये भारताने नाकेबंदी घट्ट केली. गोवा, दमण आणि दीव एकमेकांपासून तुटले. मधला सगळा मुलूख भारताचा. पणजीत बसलेल्या गव्हर्नर जनरलला आपल्याच दोन तुकड्यांपर्यंत पोचायला समुद्र किंवा आकाश एवढंच उरलं. त्या गरजेतून दाबोळीचा विमानतळ आला, दमण आणि दीवला धावपट्ट्या आल्या, आणि टाइप नावाची सरकारी विमानसेवा आली. तिच्या पहिल्या विमानांत दे हॅविलँड हेरॉन होती. हेरॉन म्हणजे डव्हलाच लांब करून चार इंजिनं लावलेली बहीण. म्हणायला ती प्रवासी सेवा, पण तिचा खरा उपयोग एका मुख्यालयाला आपल्या विखुरलेल्या भागांशी बांधून ठेवण्याचा होता.

१८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी भारतीय वायुदलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली आणि हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं. ही दोन लक्ष्यं एकाच सकाळी का निवडली असतील? एक जाण्यायेण्याचा मार्ग, दुसरा बोलण्याचा. दोन्ही तुटले की मुख्यालय असून नसल्यासारखं. त्यानंतर लिस्बनशी संपर्क उरला तो मुरगाव बंदरातल्या अफोन्सो दे अल्बुकर्क या युद्धनौकेच्या रेडिओवरून, आणि तीही त्याच दिवशी निकामी झाली. रात्री दाबोळीची धावपट्टी घाईघाईने जेमतेम दुरुस्त करून उभी असलेली दोन मोठी विमानं अंधारात, समुद्राला चिकटून, कराचीकडे निसटली.

या हवाई कारवाईची सूत्रं होती एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे. त्यांचं पुढे काय झालं तेही या विषयातच बसतं. २२ नोव्हेंबर १९६३ ला, वायुदलाच्या पश्चिम कमांडचे प्रमुख असताना, ते जम्मू-काश्मीरमध्ये पुंछजवळ हेलिकॉप्टरमधून आघाडीची पाहणी करत होते. हेलिकॉप्टर तारांना अडकून कोसळलं. आत त्यांच्याबरोबर लेफ्टनंट जनरल दौलतसिंग, लेफ्टनंट जनरल बिक्रमसिंग, मेजर जनरल नानावटी आणि ब्रिगेडियर ओबेरॉय होते. कुणी वाचलं नाही. सैन्याची एका आघाडीवरची जवळजवळ सगळी वरची फळी एका छोट्या यंत्रात बसली होती, कारण ते यंत्र सोयीचं होतं. तेव्हापासून ज्येष्ठ सेनापतींनी एकत्र एका विमानात बसू नये हा दंडक कडक झाला. सोयीची ही दुसरी बाजू. दहा आसनं रिकामी असतात, सगळ्यांना एकाच बैठकीला जायचं असतं, आणि 'चला, एकत्रच जाऊ' म्हणणं अगदी स्वाभाविक असतं. म्हणून अशा तुकडीत प्रवाशांची यादी कोण तपासतं याला फार महत्त्व.

यादीवरून आणखी एक विषय निघतो, तो जरा नाजूक. दिमतीचं विमान असलं की ते दिमाखासाठीही वापरलं जाण्याचा मोह जगातल्या प्रत्येक सैन्यात होतो. त्यावरचा इलाज कागदी आहे: प्रत्येक उड्डाणाला कामाचं कारण, मंजुरी देणाऱ्याची सही, माणसांचं आणि सामानाचं वजन. वजन तर खरोखर करतात, कारण एवढ्या लहान विमानात मागे बसलेली दोन जाडजूड माणसं पुढे आणून बसवली तरी तोल बदलतो. कागद कंटाळवाणे असतात, पण उद्या कुणी विचारलं की त्या मंगळवारी ते विमान कुठे आणि कशाला गेलं होतं, तर उत्तर तिथेच असतं.

अशा तुकड्यांचा आणखी एक उपयोग पूर्वी फार मोठा होता, तो बाहेरच्यांना सहसा माहीत नसतो. वैमानिक अधिकारी बढती मिळून मुख्यालयात टेबलावर येतो. दोन-तीन वर्षं फायली बघितल्या की हात गंजतो, आणि पुढची नेमणूक पुन्हा स्क्वाड्रनमध्ये असते. ब्रिटिश वायुदलात कमांड मुख्यालयांच्या कम्युनिकेशन फ्लाइटमधली विमानं अशा टेबलावरच्या वैमानिकांना हात चालता ठेवण्यासाठीही दिली जात. निरोपही पोचायचा आणि साहेबांचे उड्डाणाचे तासही भरायचे.

नौदलात डॉर्नियरने हेच शिकवण्याचं काम वेगळ्या तऱ्हेने घेतलं आहे. कोचीच्या स्क्वाड्रनमध्ये बहुइंजिनी विमानांचे नवे वैमानिक त्यावरच तयार होतात. २ डिसेंबर २०१९ ला नौदलाच्या पहिल्या महिला वैमानिक सब-लेफ्टनंट शिवांगी तिथूनच बाहेर पडल्या. दाबोळीची ३१० नंबरची स्क्वाड्रन, कोब्रा, तीही डॉर्नियर उडवते, पण तिचं मुख्य काम समुद्रावर नजर ठेवण्याचं आहे, साहेबांची ने-आण नव्हे. त्या कामाची जोखीम गोव्याने जवळून पाहिली आहे. २४ मार्च २०१५ च्या रात्री याच स्क्वाड्रनचं डॉर्नियर सरावादरम्यान गोव्याजवळ समुद्रात कोसळलं आणि लेफ्टनंट किरण शेखावत व लेफ्टनंट अभिनव नागोरी यांचा मृत्यू झाला. विमानाची जात तीच, आणि काम बदललं की धोकाही बदलतो. रात्री, पाण्यावर, खालच्या उंचीवर फिरणं आणि दिवसा एका धावपट्टीवरून दुसरीवर जाणं यात फार अंतर आहे.

आता व्हिडिओ बैठकांचा जमाना आहे, मग या विमानांची गरज संपली का? बैठकांपुरती नक्कीच कमी झाली असणार. पण पंप व्हिडिओवरून जात नाही, आणि अपघाताच्या जागेवर उभं राहून जे दिसतं ते पडद्यावर दिसत नाही. शिवाय लढाईत शत्रू सगळ्यात आधी संपर्कयंत्रणेवरच घाव घालतो, बांबोळीला घातला तसा. तेव्हा कागद घेऊन जाणारा माणूस आणि त्याला नेणारं विमान लागतंच.

चिखलीच्या किंवा बोगमाळोच्या बाजूला राहणाऱ्यांना दाबोळीवर उतरणारी डॉर्नियर दिसत असतातच. पुढच्या वेळी विमानाचं पोट बघा. पोटाखाली मोठा गोल फुगवटा असेल तर तो रडार, म्हणजे ते समुद्रावर गस्त घालून आलेलं. पोट सपाट असेल तर ते ने-आणीच्या नाहीतर शिकवणीच्या कामावर असण्याची शक्यता जास्त.